बोलताना थांबा, तपासणीसाठी थांबू नका

“डॉक्टर, त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही.” दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांचे आई-वडील हे नेहमी सांगतात. पाठोपाठ घरातल्या मोठ्यांचं मत येतं: मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही उशिराच बोलले. अशा धीर देण्यात कधी कधी वर्षभर निघून जातं. म्हणून आज दोन गोष्टी सांगते: घरी काय करायचं आणि तपासणीला केव्हा न्यायचं.

मुलाची पाळी मुलाला द्या

बाळ हुंकार देतं, आई त्याच्याकडे बघून “हो का? भूक लागली?” म्हणते, बाळ पुन्हा हुंकारतं. पाळीपाळीने चालणारं हे बोलणं पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि भाषा त्यातूनच येते. आपण मुलांशी भरपूर बोलतो, पण त्यांच्या उत्तरासाठी थांबत नाही.

समजा, तुम्ही मेथी निवडताय आणि दीड वर्षाची लेक शेजारी बसली आहे. “ही बघ मेथी. पान तोडलं. टोपलीत टाकलं.” एवढं बोला, एक काडी तिच्यापुढे धरा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. ती हात पुढे करेल, तुमच्याकडे बघेल, कदाचित “दे” म्हणेल. यातलं काहीही उत्तरच समजा. “दे” म्हणाली, तर तुम्ही “मेथी दे? घे मेथी” म्हणा. तिच्या शब्दाला आपला एखादा शब्द जोडायचा, लांबलचक वाक्य नको. आंघोळ घालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, जिना उतरतानाही हेच करता येतं. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, महागडी खेळणीही लागत नाहीत.

पाहुण्यांसमोर “काऊ कसा करतो? सांग ना मामाला!” अशी परीक्षा घेऊ नका. मूल “पोई” म्हणालं, तर “पोई नाही, पोळी म्हण” असं अडवू नका, “हो, गरम पोळी!” म्हणा. बरोबर उच्चार कानावर पडला की पुरे. र, ळ, ण हे उच्चार उशिरा येतात. तीन वर्षांचं मूल रिक्षाला “लिक्षा” म्हणत असेल, तर काळजी नको. बोलल्याशिवाय खाऊ देणार नाही, अशी अडवणूक तर मुळीच करू नका.

मोबाइल, दोन भाषा आणि वेखंड

इंग्रजी आकडे घडाघडा म्हणणारं, पण तहान लागल्यावर पाणी मागता न येणारं मूल आता दवाखान्यात सर्रास दिसतं. मोबाइल एकतर्फी बोलतो. मुलाने काय म्हटलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. मूल जेवत असताना टीव्ही बंद ठेवा.

आजी अहिराणी बोलते, आई मराठी, शेजारी हिंदी. त्यामुळे मुलाचा गोंधळ होतो का? नाही. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा. शाळा इंग्रजी माध्यमाची असणार म्हणून “वॉटर पी, अ‍ॅपल खा” असंही बोलायला नको. तुम्हाला जी भाषा सहज येते, तीच मुलाशी मनापासून बोला.

वेखंड किंवा मध चाटवून वाचा फुटत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध देणं तर धोक्याचं आहे. जीभ खाली चिकटलेली असेल, तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण मूल अजिबात बोलत नसण्याचं ते कारण सहसा नसतं.

केव्हा दाखवायचं?

- एक वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही किंवा “बाबाबा”, “दादादा” करत नाही.
- सव्वा वर्ष झालं, तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही.
- दीड वर्षाचं झालं, तरी एकही अर्थाचा शब्द नाही.
- दोन वर्षांचं झालं, तरी पन्नासेक शब्द नाहीत किंवा “बाबा आले”, “दूध दे” असे दोन शब्द जोडत नाही.
- तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं परक्या माणसाला कळत नाही.
- कोणत्याही वयात, आलेले शब्द बंद झाले. अशा वेळी एक दिवसही थांबू नका.

मुलगे सरासरीने थोडे मागे असतात, पण या मर्यादा त्यांनाही लागू आहेत. उशिरा बोलणारी काही मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात हे खरं. मात्र आपलं मूल त्यांतलंच आहे, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

सर्वांत आधी कान तपासा. दार आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं, असं समजू नका. मोठे आवाज ऐकू येतात, पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, असं होऊ शकतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचूनही ऐकू कमी येतं. बेरासारख्या श्रवणचाचण्या तर तान्ह्या बाळाच्याही करता येतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, तेव्हा सेविकेला सांगून मूल दाखवा. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात आणि पुढचे उपचार मोफत असतात. मुंबईकरांसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. जाताना मूल बोलतं ते सगळे शब्द लिहून न्या आणि घरी खेळतानाचा छोटा व्हिडिओ सोबत ठेवा, कारण दवाखान्यात मुलं बुजतात.

उपचार सुरू झाले, तरी घरचं काम संपत नाही. स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातले एक-दोन तास जातील, बाकी सगळा वेळ मूल तुमच्याजवळ असेल. थेरपिस्ट काय करतात ते शेजारी बसून बघा आणि तेच रोज घरी करा.