‘पृथ्वीचे प्रेमगीत’ : भौतिक नियम आणि भावाशय

भौतिकशास्त्रातील कल्पनांवर आधारलेल्या कवितेची चर्चा बहुधा शब्दसंग्रहापाशीच थांबते. अणू, कक्षा, गुरुत्व असे शब्द आले, की कविता विज्ञानप्रेरित झाली, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासण्यासाठी कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ (१९४२) या संग्रहातील ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ ही कविता विचारात घेणे उद्बोधक ठरते.

या कवितेत पृथ्वी सूर्याला उद्देशून बोलते. इतर ग्रहताऱ्यांचे प्रेम ती नाकारते आणि सूर्याचा दुरावा पत्करते. न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार सूर्य पृथ्वीला सतत आपल्याकडे ओढतो. सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर हा पृथ्वीचा वेग या ओढीशी जवळजवळ काटकोनात असतो. त्यामुळे ती सूर्याकडे सतत पडत असते, तरी त्याच्यापर्यंत पोचत नाही. ओढ नसती तर ती सरळ रेषेत दूर निघून गेली असती; वेग नसता तर सूर्यात विलीन झाली असती. कवितेतील प्रेमाची अवस्थाही अशीच आहे. ओढ आणि दुरावा ही तेथे एकाच गतीची दोन अंगे ठरतात. यगणाची आवर्ती लय या परिभ्रमणाला अनुरूप आहे.

विज्ञानाशी न जुळणारे तपशीलही या कवितेत आढळतात. मंगळाची लाली लज्जेची मानली आहे. वस्तुतः ती त्याच्या पृष्ठभागावरील लोहाच्या ऑक्साइडमुळे दिसते. ध्रुव निराशेने विरक्त होऊन उत्तरेला बसला आहे. त्याचे स्थैर्य मात्र पृथ्वीचा अक्ष जवळपास त्याच्या दिशेला रोखलेला असल्याने भासते. तरीही या तपशिलांनी कवितेला बाध येत नाही. कल्पित कारण जोडणारी ही हेतूत्प्रेक्षा आहे आणि तिचे कार्य अलंकरणाचे आहे. हे तपशील बदलले तरी कविता टिकेल. आकर्षण आणि कक्षा वगळल्यास तिच्यातील भावसंघर्षच उरणार नाही.

विज्ञानप्रेरित कवितेचा निकष येथे सापडतो. वैज्ञानिक कल्पना केवळ सजावट करते, की भावाशयाची रचना पेलते, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे. अर्थात, कविता म्हणजे नियमाचे भाषांतर नव्हे. नियमाला निवड ठाऊक नसते. कवितेतील पृथ्वी मात्र नियमाने वाट्याला आलेले अंतर स्वाभिमानाने निवडते.