ओंडक्यांतील ढोकरी : काष्ठशिल्पाचा एक पाठ

आमच्या न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावरून समोर घारापुरीचें बेट दिसतें. त्या बेटास पोर्तुगीजांनीं ‘एलिफंटा’ हें नांव एका दगडी हत्तीवरून दिलें. १८६४ सालीं तो हत्ती विलायतेस नेण्याकरितां उचलीत असतां खालीं पडून भंगला. १९१४ सालीं त्याचे तुकडे सांधण्यांत आले, व आज तो भायखळ्यास वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत उभा आहे. लाकडांतहि वन्य प्राणी कोरण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ठाणें व पालघर जिल्ह्यांतील वारली लोक लाकडी फळीवर वाघ, सूर्य व चंद्र कोरून वाघदेवाची स्थापना करितात आणि वाघबारसेस त्याची पूजा करितात. ज्याचें भय वाटतें त्यालाच शिवेवर मानानें बसवावें, ही त्यांतील दृष्टि विचार करण्याजोगी आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपणांस वाघ सहसा दिसावयाचा नाहीं. परंतु ओहोटीच्या वेळीं चिखलांत मान आंखडून उभी असलेली ढोकरी कोणीं पाहिली नाहीं? तिचीच मूर्ति ओंडक्यांतून कशी काढावी, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम लाकूड. त्याकरितां जिवंत झाड तोडूं नये. तिवरास तर हातहि लावूं नये, कारण त्याच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाच्या आज्ञेनें मनाई आहे. पावसाळी वाऱ्यानें पडलेल्या आंब्याचा हातभर ओंडका पुरे होतो. ओलें लाकूड वाळतांना आखडतें. पण वाढीच्या कड्यांच्या दिशेनें तें जितकें आखडतें, त्याच्या सुमारें निम्मेंच गाभ्याकडून सालीकडे आखडतें. ह्या ओढाताणीमुळें अखंड ओंडक्यास सालीपासून गाभ्यापर्यंत उभी भेग पडते. म्हणून ओंडका गाभ्यावरून उभा चिरून दोन फाळ्या कराव्या, दोन्ही टोकांस मेण फांसावें, आणि खालीं काठ्या घालून फाळ्या सावलींत ठेवाव्या. उन्हांत वाळविण्याची घाई करणाऱ्याचें काम पुढें हटकून तडकतें. जाडीच्या दर इंचास सुमारें एक वर्ष, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

दुसरें निरीक्षण. लाकूड वाळत आहे तोंवर किनाऱ्यावर जाऊन पक्षी पाहावा. बसलेली ढोकरी मातकट, रेघांची व चिखलांत मिसळून गेलेली असते. उडतांच तिचे पांढरे शुभ्र पंख एकाएकीं दिसतात. तिची समोरून व बाजूनें अशीं दोन चित्रें काढून तीं लाकडावर उतरवावीं.

तिसरी गोष्ट रेषेची. लाकडाचें बळ त्याच्या उभ्या रेषेंत असतें. आडव्या रेषेंत कोरलेला बारीक भाग चटकन् मोडतो. ओंडका उभा आणि चोंच आडवी, म्हणून चोंच वेगळ्या लाकडाच्या उभ्या रेषेंत घडवून भोंकांत सरसानें बसवावी. पाय तर कोरूंच नयेत: खालचा ओंडका तसाच राखावा, म्हणजे तोच चिखल होतो आणि ढोकरी त्यांत पाय रोवून उभी आहे असें दिसतें. लांब मानेचा बगळा न घेतां ढोकरी निवडण्याचें कारण हेंच. ओंडक्यास सोसेल अशी ढब निवडावी.

कोरतांना प्रथम करवतीनें व वांकसानें मोठे भाग काढावे, मग मोगरी व पटाशीनें अंग घडवावें, आणि खोलगट जागीं गोल धारेची पटाशी चालवावी. हत्यार नेहमीं उंचवट्याकडून सखल भागाकडे न्यावें. उलट नेल्यास ढलपी उचकटते. काम घट्ट आवळून धरावें आणि धारेपुढें हात कधींहि ठेवूं नये. बोथट हत्यारास जोर अधिक लागतो व तें निसटतें, म्हणून तेंच अधिक घातक होय. नवशिके प्रथम डोळा व पिसें कोरावयास धांवतात. परंतु देहाचा तोल साधल्यावांचून डोळा काढणें म्हणजे भिंतीपूर्वीं कोनाडा करणें होय. डोळा सर्वांत शेवटीं.

आतां सफाई. जाड पॉलिश-कागदापासून बारीक कागदापर्यंत क्रमानें, रेषेच्या दिशेनें घासावें. नंतर ओलें फडकें फिरवावें. त्यानें दबलेले तंतु उभे राहतात. तें वाळल्यावर पुन्हा बारीक कागद लावावा. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, उरलेलें तेल पुसावें व पुरतें वाळल्यावर दुसरा हात द्यावा. तेलाचीं फडकीं चुरगळून टाकूं नयेत, कारण तीं आपोआप तापून पेट घेतात. तीं उघड्यावर पसरून वाळवावीं. शेंदरानें रंगवूं नये. त्यांत शिसें असतें व तें विषारी आहे.

१९८९ सालीं येथें बंदर सुरू झालें. त्यानें पुष्कळांस काम दिलें; पण भरावाखालीं कित्येक मिठागरें व पाणथळ जागाहि गेल्या. ज्यानें एक ढोकरी कोरली, त्यानें ती तासन् तास पाहिलेली असते, आणि ती ज्या चिखलावांचून जगत नाहीं तो चिखल त्याला पुन्हा टाकाऊ वाटत नाहीं. घारापुरीचा भंगलेला हत्ती सांधतां आला. उडून गेलेली ढोकरी मात्र कोणत्याहि सरसानें परत जोडतां यावयाची नाहीं. तेव्हां मूर्ति घरांत ठेवावी आणि पक्षी किनाऱ्यावर राखावा, एवढीच विनंती.