आधी भावाकडे, मग गव्हाणीकडे

आगमनकाळासाठी अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १४ वा अध्याय व १५:१–१३.

घरी वाचावयाचे भाग : सोमवार, मत्तय ५:२१–२४. मंगळवार, लूक २:१–२०. बुधवार, लूक १९:१–१०. गुरुवार, प्रेषितांची कृत्ये २८:१–१०. शुक्रवार, फिलिप्पैकरांस पत्र २:१–११. शनिवार, फिलेमोनास पत्र.



आगमनकाळ आला म्हणजे आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत एकच लगबग सुरू होते. मंदिराच्या भिंतींस चुना लागतो, तारा टांगण्यासाठी उंच वेळू शोधला जातो, तरुण मंडळी रात्री गीतांचा सराव करितात, आणि वर्गणीची वही घरोघर फिरते. ही सर्व तयारी उचितच आहे. तथापि एक तयारी अशी आहे की तिला वही लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही. म्हणूनच कदाचित ती मागे राहते. ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे त्याच्याकडे जाणे, ही ती तयारी होय.

प्रभूने डोंगरावरील प्रवचनात ह्याविषयी स्पष्ट आज्ञा दिली आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या मनुष्यास आपल्या भावाचे गाऱ्हाणे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, प्रथम समेट करावा, आणि मग परत यावे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या मनात भावाविषयी राग आहे किंवा नाही, हे प्रभू येथे विचारीत नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे काय, हे तो विचारितो. म्हणजे जाण्याची पाळी दुसऱ्याची नव्हे, आपली आहे.

१. रोम येथील मंडळीतील फूट

पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते सुमारे इ. स. ५७ ह्या साली. त्याच्या काही वर्षे आधी, सुमारे ४९ साली, क्लौद्य कैसराने यहूद्यांस रोम शहरातून घालवून दिले होते. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे दांपत्य त्याच कारणाने करिंथास आले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात सांगितले आहे. ५४ साली कैसर मरण पावला आणि यहूदी हळूहळू परतू लागले. तेव्हा मंडळीचा कारभार विदेशी बांधवांच्या हाती गेलेला त्यांस दिसला असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. एक पक्ष सर्व काही खाणारा. दुसरा केवळ भाजीपाला खाणारा व विशिष्ट दिवस पाळणारा. पहिला दुसऱ्यास तुच्छ मानी, आणि दुसरा पहिल्यास दोषी ठरवी.

कोण कोणाच्या हातचे खातो, कोण कोणाच्या पंगतीस बसतो, ह्यावरून माणसे कशी तुटतात हे आपल्या गावांस नव्याने सांगावयास नको. पौल अमक्या पक्षाचे खरे आणि तमक्याचे खोटे असा निवाडा करून थांबत नाही. तो बलवानांस पुढे बोलावितो, आणि अशक्तांचे ओझे त्यांनी वाहावे असे सांगतो. मग सर्वांस एकच कारण देतो : ख्रिस्ताने तुमचा स्वीकार केला, तसा तुम्ही एकमेकांचा करा. पत्राचा हा भाग अनेक मंडळ्यांत आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी वाचला जातो. येणाऱ्या प्रभूची वाट पाहणे आणि शेजारच्या भावास जवळ घेणे ह्या दोन गोष्टी मंडळीने फार पूर्वीपासून एकत्र ठेविल्या आहेत.

२. स्वीकार म्हणजे काय?

मूळ ग्रीक भाषेतील हा शब्द आपल्याजवळ घेणे, आपल्यात घेणे अशा अर्थाचा आहे. तोच शब्द दुसऱ्या दोन ठिकाणी कसा आला आहे ते पाहावे. पौलाचे तारू फुटून तो मिलिता बेटावर लागला, तेव्हा पाऊस पडत होता आणि थंडी होती. तेथील लोकांनी विस्तव पेटवून त्या सर्व भिजलेल्या परक्यांस जवळ घेतले. त्यांत कैदी कोण आणि शिपाई कोण, हे त्यांनी आधी विचारिले नाही. दुसरे ठिकाण फिलेमोनास लिहिलेले पत्र. तेथे पौल विनंती करितो की, जसे मला घरात घ्याल तसेच अनेसिम ह्या दासास घ्या.

ह्यावरून असे दिसते की स्वीकार ही केवळ मनातली भावना नव्हे. शेकोटीपाशी सरकून जागा करून देणे, दार उघडणे, ताट वाढणे, हा स्वीकार होय. “माझ्या मनात काही नाही,” असे आपण नेहमी म्हणतो. परंतु मनात काही नसूनही वर्षभर त्याच्या घरचे पाणी न पिणारा मनुष्य स्वतःची फसवणूक करितो.

३. पाटाच्या पाण्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आगमनकाळात मी डोंगरकड्याच्या बाजूस फेरीवर होतो. कळमनुरी तालुक्यातील हा भाग केळीसाठी ओळखला जातो, आणि केळीस पाणी फार लागते. म्हणून तेथे पाण्याच्या पाळीस सोन्याचे मोल. त्या बाजूच्या एका लहान मंडळीत दोन सख्ख्या भावांची घरे होती. थोरल्याचे शेत चारीच्या तोंडाशी, धाकट्याचे शेवटाला. एका उन्हाळ्यात थोरल्याने आपली पाळी संपल्यावरही दार उघडे ठेविले, आणि खालच्या शेतातील कोवळी केळी वाळून गेली. शब्दाने शब्द वाढला. पुढे सोयरेधायरे वाटले गेले, आणि मंदिरात एक घर पुढे तर दुसरे दाराशी बसू लागले. प्रभुभोजनास एक आले की दुसरे उठून जाई. त्या वर्षी नाताळच्या वर्गणीच्या दोन वह्या निघाल्या होत्या आणि मांडवही दोन पडणार होते.

मी दोन्ही पक्षांस बोलाविले. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत गाऱ्हाणी ऐकिली, कोण काय बोलले ते लिहून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी प्रीती ह्या विषयावर उपदेश केला. उपदेश संपल्यावर दोन्ही घरची माणसे प्रसन्न दिसली. पाळकाने समोरच्यास चांगले सुनावले, असे प्रत्येकास वाटले होते! माझा उपाय फसला, हे मला तेव्हाच कळले.

तेथील प्रचारक फार शिकलेला नव्हता. तो मला म्हणाला, “साहेब, तुम्ही हिशेब विचारला. पाणी कुणी सोडायचं, ते राहूनच गेलं.” पुढे त्याने थोरल्याच्या घरी जाऊन रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायाचा आरंभ वाचला, आणि एवढेच विचारिले की, ह्या चारीवर बलवान कोण? थोरला काही बोलला नाही.

आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात थोरल्याची पाळी रात्रीची आली. तो दारे धरावयास गेला. पाळीचा घंटाभर शिल्लक असताना त्याने आपले दार बुजविले आणि फावडे खांद्यावर टाकून तो खाली चालू लागला. धाकटा बांधावर शेकोटी करून आपल्या पाळीची वाट पाहत होता. वेळेआधी पाणी आलेले पाहून, वर कोठे पाट फुटला असे समजून तो उठला, तो समोर भाऊ.

“दादा, पाळी अजून तुमचीच हाय.”

“असू दे. तुझी केळी लहान हायेत. पाणी खालीच जातं.”

एवढे बोलणे मला पुढे धाकट्याने सांगितले. त्यानंतर शेकोटीपाशी दोघे किती वेळ बसले आणि काय बोलले, ते त्याने सांगितले नाही, आणि मी विचारिले नाही. सर्व काही एका रात्रीत मिटले, असे मी म्हणणार नाही. पाळीचे तास पुन्हा नीट ठरवावे लागले. वाळलेल्या केळीबद्दल थोरल्याने पुढल्या लागवडीस आपल्या शेतातील कंद दिले. जावाजावांचे बोलणे पुनरुत्थानाच्या सणापर्यंत उघडले नाही. परंतु त्या नाताळात मांडव एकच पडला.

पाणी वरून खाली जाते, तसा आपला प्रभूही वरून खाली आला. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल हेच शिकवितो. जो सर्वांहून वर होता त्याने आधी आपले सोडिले. खालच्याने वर चढून यावे, म्हणून तो वाट पाहत बसला नाही.

४. नागपूर येथील आगमनरविवार

मंडळ्यामंडळ्यांतील मोठी फूटही अशीच सांधावी लागते. आपल्या महाराष्ट्रात ह्याचे एक उदाहरण घडले आहे. २९ नोव्हेंबर १९७० ह्या दिवशी, आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी, नागपूर येथील ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रेदरन व डिसायपल्स होते, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते, आणि संयुक्त मंडळी होती. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील अमेरिकन मराठी मिशनच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या मंडळ्या ह्या संयुक्त मंडळीतून आल्या होत्या.

ह्या ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली होती. म्हणजे एकेचाळीस वर्षे लागली. एका पक्षास बिशप मान्य, दुसऱ्यास नाही. एक बालकांस बाप्तिस्मा देणारा, दुसरा स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यासच देणारा. शेवटी दोन्ही प्रकारच्या बाप्तिस्म्यांस एकाच मंडळीत जागा देण्यात आली. पाळकवर्गाच्या ऐक्यासाठी निरनिराळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. ज्याने हात ठेविला, त्यानेही दुसऱ्याच्या हाताखाली मस्तक लवविले. माझ्याजवळ सर्व आहे आणि तुझ्याजवळ काही नाही, असे कोणास म्हणता आले नाही. दक्षिण आशियातील मेथडिस्ट मंडळी त्या वेळी ह्या ऐक्यात आली नाही, हेही खरे. तीही ख्रिस्ताचीच मंडळी आहे. ऐक्याचा अभिमान ही नवी फूट होऊ नये.

५. प्रीती आणि न्याय

आपल्या गावांतील दुफळी बहुधा बिशपांवरून नसते. ती बांधावरून, निवडणुकीवरून, लग्नातील मानपानावरून असते. आणि सर्वांत खोल अशी ती जातीवरून असते. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसे सोयरीक जुळविताना जुनी जात विचारितात, ही आपली लाज आहे. औंढा नागनाथाची आख्यायिका आपल्या जिल्ह्यात पोराबाळांस ठाऊक आहे. नामदेवांस समोरून हटविले, तेव्हा ते मागे जाऊन कीर्तन करू लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ज्यास माणसे दूर लोटितात त्याच्याकडे देव तोंड करितो, हे आपल्या भूमीतील लोकांनीही ओळखिले आहे. मग ज्याच्या जन्माची वार्ता प्रथम रात्री रानात राखण करणाऱ्या मेंढपाळांस मिळाली, त्या प्रभूच्या मंडळीने कोणास दाराशी बसवावे काय?

प्रीती म्हणजे अन्याय झाकणे नव्हे. जक्कयाच्या घरी प्रभू गेला, त्याच दिवशी जक्कयाने लुबाडलेल्याच्या चौपट परत देण्याचे कबूल केले. ज्याचे पीक वाळले त्यासच “तू क्षमा कर आणि गप्प बस,” असे सांगणारा समेट टिकत नाही. बलवानाने आधी यावे, रिकाम्या हाताने येऊ नये, आणि दुर्बळाने आलेल्यास शेकोटीपाशी जागा द्यावी.

प्रचारकांस सूचना

पाठ शिकविताना गावातील चालू भांडणाचे नाव घेऊ नये. व्यासपीठावरून दिलेला टोला समोरच्यास लागत नाही, शेजाऱ्यास लागतो. त्या घरी स्वतः जावे, थोडके वाचावे, आणि अधिक ऐकावे.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. माझ्याविषयी कोणाच्या मनात गाऱ्हाणे आहे? त्याचे नाव प्रार्थनेत घ्यावे.

२. त्या भांडणात बलवान कोण आहे? तो मी असेन, तर मी आधी काय सोडावे?

३. आपल्या मंडळीत दाराशी कोण बसते, आणि का?

४. ह्या नाताळात आपल्या गावी पंगती किती बसतील?

प्रार्थना

हे प्रभो, तू आमच्याकडे येताना आमच्या योग्यतेची वाट पाहिली नाहीस. नाताळ उजाडण्यापूर्वी आम्हांस आमच्या भावाकडे ने. त्याच्याशी काय बोलावे हे आम्हांस सुचत नाही. निदान आमची पावले तिकडे वळव. आमेन.