जत्रेचे छायाचित्रण : पूर्वतयारी

आनेकल तालुक्यातील हुस्कूर येथे मद्दूरम्मा देवीच्या जत्रेत शंभर फुटांहून उंच रथ ओढत आणले जातात. नवख्या छायाचित्रकाराने आदल्या दिवशीच रथमार्ग पायी पाहावा व ऊन कोणत्या बाजूने येते, हे हेरून ठेवावे. भरलेली बॅटरी, रिकामे कार्ड हे तर हवेच; परंतु खरी तयारी जागा निवडण्याची. एप्रिल 2024 मध्ये येथे रथ कोसळला. मार्च 2025 मध्ये तर वादळी वाऱ्यात रथ कोसळून जीवितहानी झाली. म्हणून रथाच्या उंचीच्या किमान दीडपट अंतरावर उभे राहावे. यात छायाचित्राचेही नुकसान नाही. जवळून कॅमेरा वर रोखल्यास रथ मागे कलल्यासारखा दिसतो. दुरून, कॅमेरा उभा धरल्यास, तो चाकांपासून कळसापर्यंत चौकटीत मावतो.