तोंड बघून आमिष

अरे बाळा, नवा रॉड घेतलास, डबाभर लूर आणलेस, छान झालं. आता उजनीच्या काठाला जाण्याआधी मामाचे चार शब्द ऐकून घे. दुकानात टांगलेलं आमिष आपल्या डोळ्यांना आवडावं म्हणून रंगवलेलं असतं. माशाला काय हवं ते ओळखायचं तर त्याचं तोंड बघायचं. मासळीबाजारात गेलास की आधी तेच निरखत जा.

कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, तोंड वरच्या बाजूला उघडतं. वरच्या पाण्यात तरंगणारं बारीक खाणं तो पाण्यासकट ओढून घेतो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळाशी चरतो. रोहू या दोघांच्या मधल्या पाण्यातला, त्याच्या ओठांना झालर असते. म्हणून मृगळासाठी शिसं लावून आमिष तळाला बसव, रोहूसाठी तळापासून हात-दीड हात वर ठेव आणि कटल्यासाठी फ्लोट लावून वरच्या पाण्यात सोड.

आमिषाच्या गोळ्याला शेंगदाण्याची पेंड भाजून कूट, तांदळाचा कोंडा घाल आणि चिकटपणापुरती कणीक. रोहू-मृगळासाठी घट्ट मळ. कटल्यासाठी मात्र गोळा सैल हवा, पाण्यात हळूहळू सुटत गेला पाहिजे. कटला गोळा चावत बसत नाही. सुटलेला कोंडा तो शोषत राहतो आणि गोळ्यात दडवलेला बारीक गळ त्याबरोबर आत जातो. वासाला भाजलेल्या बडीशेपेची पूड चिमूटभर पुरे. तुझी मामी ओवा घालायला सांगते, तोही चालतो, पण दोन्ही एकदम नको. निघण्याआधी पेलाभर पाण्यात एक गोळी टाकून बघ. पडताक्षणी फुटली तर कणीक वाढव, अर्ध्या तासानंतरही दगडासारखी राहिली तर कोंडा वाढव. हाताला साबणाचा, तंबाखूचा, पेट्रोलचा वास नको. बसशील तिथं आधी मूठ-दोन मूठ चारा टाक आणि मग ती जागा सोडू नकोस. रोहू-कटला चाऱ्यावर यायला वेळ घेतात.

चिलापीचं तोंड लहान. तिला लहान गळ आणि गांडुळाचा तुकडा लाव. अख्खं गांडूळ लावलंस तर ती लोंबणारं टोक कुरतडून निघून जाते.

तुझे लूर कामाला येतात ते शिकारी माशांसाठी, आणि त्यात खरी मजा मरळीची. तिचा जबडा रुंद आणि आत दात. ती हवा घ्यायला वर येते, तेव्हा जलपर्णीच्या कडेला, कमळाच्या पानांमधे पाणी हललेलं दिसतं. तिथं रबरी बेडूक वापर. त्याचे गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळे गवतात अडकत नाहीत. तो पलीकडे टाकून पानांवरून हळू ओढत आण, मोकळं पाणी आलं की क्षणभर थांबव. मरळ झडप घालते तेव्हा लगेच हिसका मारायचा नाही. बेडूक तोंडात नीट जाऊ दे, तंगूस ताणली गेली की मग मार. रंगाच्या मागे फार लागू नकोस. निवळ पाण्यात चंदेरी किंवा मातकट लूर, गढूळ पाण्यात भडक किंवा खुळखुळणारा. संध्याकाळी काळा घे, कारण खालून बघणाऱ्या माशाला आभाळावर काळी आकृतीच ठळक दिसते. शिवड्याच्या मागे जाणार असलास तर लूरच्या पुढे वीतभर तारेचा तुकडा जोड, त्याच्या दातांपुढे नुसती तंगूस टिकत नाही.

पवना-मुळशीकडे कधी चमच्याच्या लूरला महाशीर लागला तर ओल्या हातानं गळ काढ आणि सोडून दे. लोणावळ्याजवळच्या वळवणला टाटा पॉवरनं कितीतरी वर्षं या माशाची पिल्लं वाढवून धरणांत सोडली आहेत. तो ताटातला मासा नाही.

धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थेच्या ठेक्यावर असते. काठावरच्या मच्छीमार दादांना विचारल्याशिवाय गळ टाकू नकोस. कुठल्या कोपऱ्यात काय चालतं, हेही तेच सांगतील.

आणि पावसाळ्यात काठाजवळ लालसर पिल्लांचा दाट घोळका वरखाली होताना दिसला तर तिथून लांब जा. त्याच्या खालीच मरळीचे आईबाप राखणीला असतात. तेव्हा बेडूक टाकलास तर ते पिल्लांना वाचवायला त्यावर धावतील आणि लागतील, पण मागे उरलेली पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतील. तिथं रॉड खाली ठेव, एवढं माझं ऐक.