नऊ नाणी आणि एक तराजू

संगणकाचे शिक्षण म्हणजे यंत्र चालविण्याचे शिक्षण, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः यंत्राला काम सांगण्यापूर्वी त्या कामाची टप्प्याटप्प्याने उकल माणसालाच करावी लागते. या विचारपद्धतीस संगणकीय विचार म्हणतात. वाचन, लेखन व अंकगणित यांच्याप्रमाणेच हे कौशल्य प्रत्येकास हवे, असे प्रतिपादन जेनेट विंग यांनी २००६ साली केले. लिथुआनियात २००४ साली प्रा. व्हॅलेंटिना डागिएने यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘बेब्रास’ स्पर्धेतील प्रश्न याच कौशल्याची पारख करतात. ते सोडविण्यास संगणकभाषा यावी लागत नाही.

याच धर्तीचा एक प्रश्न असा : दिसण्यात सारख्या नऊ नाण्यांपैकी एक खोटे असून ते वजनाने हलके आहे. वजनमापांशिवाय, केवळ तराजूच्या साहाय्याने, कमीत कमी किती वेळा तोलून ते खात्रीने सापडेल?

विद्यार्थी येथे निरनिराळ्या रीती योजतात. दोन-दोन नाणी जोडीने तोलणाऱ्यास चार वेळांपर्यंत तोलावे लागते. पहिल्याच जोडीत खोटे नाणे सापडले, तर ‘एकदाच’ असे उत्तर देण्याचा मोह होतो; पण तो योगायोग होय, खात्री नव्हे. चार-चार नाणी तोलून हलका गट पुन्हा निम्मा करीत जाणाऱ्यास तीन वेळा पुरतात. तिसरी रीत तराजूकडेच नीट पाहण्याची. पारडे डावीकडे झुकते, उजवीकडे झुकते किंवा समतोल राहते. शक्यता तीन, म्हणून गटही तीन. तीन-तीन नाणी तोलली की खोटे नाणे कोणत्या गटात आहे ते कळते. त्या गटातील एकेक नाणे तोलले की काम संपते. तोलणे दोनच वेळा! हाच नियम पुढे नेल्यास सत्तावीस नाण्यांना तीन वेळा पुरतात.

प्रश्नाचे लहान भाग पाडणे, नाण्यावरील छाप यासारखा अनावश्यक तपशील वगळणे, क्रमवार रीत आखणे, ती पडताळणे आणि मोठ्या प्रश्नास लावणे ही सर्व कौशल्ये येथे एकत्र येतात.

तथापि, केवळ ‘दोन’ या उत्तरास गुण दिल्यास अंदाज करणारा उत्तीर्ण होतो आणि विचारपूर्वक ‘तीन’पर्यंत पोचलेला अनुत्तीर्ण ठरतो. यास्तव शिक्षकांनी उत्तराबरोबर रीतही लिहवून घेणे इष्ट होय. ज्या शाळेत संगणक नाही, तेथेही हा पाठ घेता येईल. त्यास एक तराजू पुरेसा आहे.