वस्तूची पाठ आधी पाहा

जुनी लोककला घरात आणायची हौस असेल, तर वस्तूची पाठ पाहायची सवय लावून घ्या. मला हे एका चित्रकथीच्या पानाने शिकवलं.

मुंबईतल्या एका दुकानात रामायणातल्या युद्धाचं चित्र फ्रेम करून ठेवलं होतं. ‘दोनशे वर्षांपूर्वीचं, अस्सल पिंगुळीचं,’ दुकानदार छातीठोकपणे सांगत होता. फ्रेममधून काढून दाखवा म्हटल्यावर मात्र कुरकुरला. शेवटी काढलं, तर मागे कागदाचे पापुद्रे ओरबाडलेले आणि खळीचे पिवळट डाग. चित्रकथीच्या पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत एकेक पान समोर धरून कथा गातात. इथे एका पानाची दोन करण्यासाठी ते सोललं होतं. बाकीची पोथी कुठे गेली, मुळात कुणाच्या घरातून आली, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी ते चित्र घेतलं नाही. पण त्या पोथीची कथा कायमची तुटली, याचं वाईट आजही वाटतं.

म्हणून वयाआधी वस्तूचा माग विचारा. कुठल्या गावची, कुणाच्या वापरातली, कशी विकायला आली? उत्तर गोलमाल असेल तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका. देवळातून चोरलेली मूर्तीही अशीच निनावी होऊन बाजारात येते.

झीज नीट बघा. देवघरातला जुना टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची देवाची उठावदार प्रतिमा, रोजच्या पूजेत घासून गुळगुळीत होतो. देवाचं नाक, घोड्याची मान असे उंचवटे आधी पुसट होतात आणि खाचा तशाच राहतात. आम्ल लावून, मातीत पुरून ‘जुनी’ केलेली पितळ सगळीकडे सारखीच काळी दिसते. नजर तयार व्हायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय उत्तम. तिथले दिवे आणि अडकित्ते सावकाश पाहा.

कायदाही माहीत हवा. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षं आहे. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या लेकीसुनांना आजीच्या देव्हाऱ्यातली मूर्ती देण्याआधी हे तपासा. पक्की पावती घ्या. वस्तूचे फोटो आणि मिळालेली माहिती तिच्यासोबतच ठेवा.

घरी आणल्यावर चिंच-लिंबाने लख्ख करू नका. वर्षानुवर्षं चढलेली झाक एका दुपारी निघून जाते. कागदाला लॅमिनेशन नको, थेट ऊन नको, ओलसर भिंत तर नकोच.

आणि जुन्याचाच हट्ट कशाला? पिंगुळीत आजही चित्रं काढली जातात, कळसूत्री बाहुल्यांचे खेळ होतात. ही परंपरा टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. कुडाळला उतरून तिथे जा, कलावंताच्या तोंडून कथा ऐका आणि त्याच्याच हातचं चित्र योग्य दाम देऊन घ्या. असं चित्र कुठून आलं हे तुम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगू शकाल, आणि तुमचे पैसे पुढची पोथी रंगवणाऱ्याच्या घरी जातील.